अकरावा कोस

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. लहानपणापासून आपण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याला प्रश्न विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. पण कधी तरी विचारून पाहावे की, मग अकराव्या कोसावर काय होते? तेथे कोणती भाषा असते? बारावा कोस संपतो त्या ठिकाणी एखादा दगड रोवलेला असून, त्याच्या अलीकडचा माणूस एक भाषा बोलतो आणि पलीकडचा दुसरी, असे तर कुणी पाहिलेले नाही. बाराव्या कोसावरचा शेतकरी अकराव्या कोसावरच्या आपल्या व्याह्याशी सहज बोलतो. तो दहाव्यावरच्या मावसभावाशी बोलतो. आणि तरीही पहिल्या गावचा माणूस पन्नासाव्या कोसावर नेऊन उभा केला तर तो बावरतो. बदल तर झालेला असतो, पण तो कोणत्या पावलावर झाला हे दाखवता येत नाही.

या स्थितीला पाश्चात्य शास्त्रांत 'कंटिन्युअम' असे म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'एकत्र धरून ठेवणे' असा आहे. गणितात, पदार्थविज्ञानात, मानसशास्त्रात आणि भाषाशास्त्रात हा शब्द आज सर्रास वापरला जातो. आपल्याकडे त्याच्यासाठी 'सातत्य', 'अखंडता' असे शब्द योजण्यात येतात. परंतु त्यांतून अर्धाच अर्थ निघतो. अखंड नंदादीपात खंड नसतो, पण बदलही नसतो. सातत्याने काम करणारा मनुष्य रोज तेच काम करीत असतो. आपला रोजचा साधा शब्द 'सलग' हा मला अधिक जवळचा वाटतो. सलग रान, सलग वावर, सलग तीन दिवस पाऊस. यात तुटकपणा नाही एवढे तो नीट सांगतो. पण सलग असूनही हळूहळू निराळे होत जाणे, हा दुसरा अर्धा अर्थ त्यातही नाही. तो अर्थ आपल्याला 'उतार' या शब्दात सापडतो. सलग उतार म्हटले की चित्र पुरे होते: कुठेही तुटलेला नाही, आणि तरीही वरचे टोक व खालचे टोक एक नव्हे.

अशा सलग उताराला नावे देताना माणसाची कशी तारांबळ उडते याचे शाळेतले उदाहरण आपणा सर्वांना पाठ आहे. 'तानापिहिनिपाजा' हा मंत्र म्हणत आपण इंद्रधनुष्याचे सात रंग शिकलो. पण ते सात आहेत असे ठरविले कुणी? न्यूटनने. आधी त्याने पाचच मुख्य रंग मानले होते. नंतर संगीतातल्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून त्याने नारिंगी आणि पारवा हे दोन त्यात घातले. प्रकाशाच्या पट्ट्यात कोठेही रेघ नसते; रेघ आपण मारतो. रेघ मारणे चूक नाही. रेघ मारल्यावाचून नाव देता येत नाही, आणि नावावाचून बोलता येत नाही. चूक होते ती आपणच मारलेली रेघ निसर्गाने मारली आहे असे मानू लागल्यावर.

ही चर्चा केवळ शब्दांची वाटू नये म्हणून आपण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात जाऊ. या एका शब्दाचे सगळे अर्थ, सगळे उपयोग आणि सगळे दुरुपयोग त्या दोन जिल्ह्यांत पाहायला मिळतात.

वास्तविक हे दोन जिल्हे परवापरवापर्यंत एकच होते. गोंड राजांची राजधानी असलेला चांदा 1751 साली नागपूरकर भोसल्यांकडे गेला. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजांकडे आला. 1964 साली चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. उत्तरेकडून वैनगंगा आणि पश्चिमेकडून वर्धा येऊन मिळतात आणि त्यांची प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते, आणि त्याच तालुक्यात पुढे इंद्रावतीही गोदावरीत येते. नद्या जशा एकमेकींत मिसळतात तशाच येथील बोलीही मिसळत आल्या आहेत.

प्रथम मराठीचाच उतार पाहू. पुण्या-साताऱ्याकडे ज्याला 'डोळा' म्हणतात त्याला वऱ्हाडात गेले की 'डोया' म्हणतात. तोच वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत 'डोरा' होतो. 'काळा' वऱ्हाडात 'काया', झाडीत 'कारा'. आणखी पूर्वेला छत्तीसगढीचा मुलूख लागतो, तेथे काळ्याला 'करिया' म्हणतात. म्हणजे झाडीतला 'कारा' आपल्या पूर्वेकडच्या शेजाऱ्याशी हातभर अंतरावर उभा आहे. झाडीबोलीत 'ण' नाही, 'पाणी'चे 'पानी' होते, 'ळ' नाही, 'श' आणि 'ष' यांचे काम एकटा 'स' करतो. शहरातला मास्तर हे ऐकून म्हणतो, यांचे उच्चार अशुद्ध आहेत. पण उताराच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला 'तू शिखरावरून घसरलास' असे म्हणणे शहाणपणाचे नाही. तो त्याच्या जागी उभा आहे. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य घालवून हेच दाखवून दिले की, झाडीबोलीला तिचे स्वतःचे नियम आहेत आणि ते नियम ती मोडीत नाही.

त्याच्याही पलीकडे हलबी आहे. बस्तरात ती बाजाराची भाषा म्हणून नांदली. 'माझे' याला हलबीत 'मोचो' म्हणतात. त्यातील 'चो' हा आपल्या 'चा-ची-चे'चा सख्खा भाऊ. 'मो' मात्र पूर्वेकडच्या घरचा. ग्रियर्सन यांच्या सुप्रसिद्ध भाषिक पाहणीत मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात हलबीला मराठीच्या घरात जागा दिली आहे, आणि त्याच वेळी ओडिया, छत्तीसगढी व मराठी यांचे ते मिश्रण आहे असेही म्हटले आहे. जागा देताना एवढी कुरकुर करावी लागली, याचा अर्थच हा की ती जागा उतारावरची होती.

ग्रियर्सन यांना या अडचणीची पुरी जाणीव होती. 1898 साली त्यांच्याकडे हे काम आले आणि पुढची तीस वर्षे ते त्यात बुडून गेले. 179 भाषा आणि 544 बोली अशी मोजदाद त्यांनी केली. पण 1927 साली निघालेल्या प्रास्ताविक खंडात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, भाषा आणि बोली हे शब्द पर्वत आणि टेकडी या शब्दांसारखे आहेत. एव्हरेस्टला कुणी टेकडी म्हणणार नाही आणि लंडनमधल्या एखाद्या चढणीला कुणी पर्वत म्हणणार नाही. मात्र दोहोंच्या मधली सीमा नेमकी दाखविता येत नाही. ज्याने मोजणी केली त्यानेच मोजणीचा भरवसा किती धरावा हे सांगून ठेवले. आपण आकडे तेवढे पाठ केले.

आता दुसरा उतार पाहावयाचा, तो गोंडीचा. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. 2011 च्या शिरगणतीत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे 29 लाख 84 हजार लोक होते. सातपुड्यापासून गोदावरीपर्यंत ती पसरलेली आहे. तिच्यातला एकच शब्द घेऊ, तोही रानातल्या माणसाला सर्वांत मोलाचा: मीठ. रानात धान पिकते, मोह मिळतो, मध मिळतो, मासळी मिळते. मीठ मात्र बाहेरूनच आणावे लागते. उत्तरेकडे, बैतूल-छिंदवाड्याच्या बाजूला, गोंडीत मिठाला 'सोवर' अशा तऱ्हेचा शब्द आहे. पूर्वेला बस्तरच्या मुरियांत तो 'होवर' होतो. आणखी दक्षिणेला डोंगरी माडियांकडे आणि कोयांकडे गेले की तो नुसता 'ओवर' उरतो. 'स'चा 'ह' झाला, आणि 'ह' हवेत विरला. गोदावरीच्या पलीकडे तेलुगूत मिठाला 'उप्पु' म्हणतात. त्याच्याही आरंभी व्यंजन नाही. मिठासारखी गाठोड्यातून येणारी वस्तू, आणि तिचे नाव वाटेत थोडेथोडे झिजत गेले!

भद्रिराजू कृष्णमूर्ती या थोर भाषाशास्त्रज्ञाने 1998 साली या 'स-ह-लोप' प्रकरणावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, हा बदल सगळ्या शब्दांत एकदम होत नाही. एका गावात काही शब्दांनी 'स' टाकलेला असतो आणि काहींनी तो अजून धरून ठेवलेला असतो. म्हणजे उतार गावागावांच्या दरम्यानच आहे असे नाही, तो एकेका गावाच्या पोटातही आहे. अकराव्या कोसावर काय होते, याचे हे उत्तर: तेथे जुने आणि नवे एकाच तोंडात नांदत असते.

युरोपात हा विचार कसा आला हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. 1872 साली योहानेस श्मिट या जर्मन पंडिताने असे मांडले की, संस्कृतपासून केल्टिकपर्यंत आर्यकुलातील भाषांचा एके काळी एक सलग उतार होता. पुढे मधल्या काही बोली मेल्या, एखादी बोली राजाश्रयाने बलिष्ठ होऊन शेजारणींना गिळून बसली, आणि उताराच्या जागी पायऱ्या तयार झाल्या. 1888 साली गास्तों पारिस यांनी फ्रान्सबद्दल असेच म्हटले की, उत्तरेची आणि दक्षिणेची फ्रेंच यांमध्ये भिंत नाही. मग जील्येराँ यांनी एदमों नावाच्या एका तीक्ष्ण कानाच्या गृहस्थाला 1897 मध्ये सायकलीवरून देशभर पाठविले. त्याने 639 गावांतून शब्द टिपून आणले आणि त्यांचे नकाशे झाले. नकाशांवर दिसले असे की, प्रत्येक शब्दाची सीमा निराळी आहे, आणि सगळ्या सीमा एकावर एक क्वचितच येतात.

श्मिटचा तो दृष्टान्त आपल्या फार उपयोगाचा आहे. निसर्ग आणि माणसांची जा-ये उतार घडविते. पायऱ्या सत्ता बांधते.

येथे एक आक्षेप मनात येईल, आणि तो रास्त आहे. मराठीपासून गोंडीपर्यंत किंवा मराठीपासून तेलुगूपर्यंत असा उतार कुठे आहे? एक आर्यकुलातली, दुसऱ्या द्राविड कुळातल्या. 'डोळा' कितीही झिजला तरी त्याचा गोंडी शब्द होणार नाही. हे अगदी खरे आहे, आणि 'सलग' या शब्दाच्या मोहाने ते विसरता कामा नये. चांद्याच्या रानात एक उतार नाही, दोन-तीन उतार एकमेकांवर पडलेले आहेत. मराठीचा उतार पूर्वेकडे हलबी-छत्तीसगढीत उतरतो. गोंडीचा उत्तर-दक्षिण धावतो. राजुरा-जिवतीच्या डोंगरात कोलामी बोलणारे कोलाम आहेत, 'चांद्याची नाईकी' या नावाने एक छोटी द्राविड बोली भाषाशास्त्राच्या ग्रंथांत नोंदली गेली आहे, आणि सिरोंच्याला घरोघर तेलुगू आहे. शिवाय फाळणीनंतर दंडकारण्यात आणून वसविलेल्या निर्वासितांची बंगाली मुलचेरा-चामोर्शीकडे ऐकू येते. ती कुठल्याच उताराने आली नाही. ती इतिहासाने उचलून आणून ठेवली.

मग या भिन्न कुळांना जोडते काय? माणूस जोडतो. आरमोरीच्या बाजूचा शेतकरी, धानोऱ्याचा गोंड, आलापल्लीचा दुकानदार, हे दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलतात. उतार शब्दांत नसेल, पण तोंडात आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली प्रसिद्ध केला. तेथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांनी शतकानुशतकांच्या शेजारामुळे शब्द आपापले ठेवले आणि वाक्याची बांधणी मात्र जवळजवळ एक करून टाकली. घरे वेगळी राहिली, अंगण एक झाले.

आता पायऱ्यांचा इतिहास. 1860 साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिला, आणि सिरोंचा हे मुख्य ठाणे करून 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला. 1874 मध्ये तो मोडून चांद्याला जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या दक्षिणेचे तालुके मद्रास इलाख्याला दिले. म्हणजे एकच तेलुगू-कोया मुलूख, आणि पन्नास वर्षांत त्याचे मालक व दप्तरे तीनदा बदलली. वर्धा-प्राणहितेच्या पलीकडे तर निजामाचे राज्यच होते. ग्रियर्सनची पाहणी हैदराबाद आणि मद्रासकडे गेलीच नाही. त्यामुळे चांद्याचा गोंड तिने मोजला, आणि नदी ओलांडून राहणारा त्याचा मेहुणा तिच्या कक्षेबाहेर राहिला. उतार पाण्याखालून चालूच होता. कागद मात्र काठावर थांबला.

पुढे 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली. राजुरा तालुका आदिलाबादमधून निघून आधी नांदेडला आणि 1959 साली चांद्याला जोडला गेला. भाषावार राज्ये होणे न्याय्यच होते, त्यासाठी महाराष्ट्राने प्राण वेचले आहेत. पण उतारावर रेघ मारायची म्हटली की कुठे तरी ती कुणाच्या तरी अंगणातून जाणारच. जिवती तालुक्यातील 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील रहिवाशांकडे दोन राज्यांची शिधापत्रिका असते, ते दोन्हीकडे मतदान करतात, मुलांसाठी मराठी शाळा आहे आणि तेलुगूही. महाराजगुडा येथील एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात असल्याची बातमी 2022 साली वृत्तपत्रांतून गाजली. वाचणाऱ्यांना मौज वाटली. मला तीत मौजेपेक्षा सत्य अधिक दिसले. शेकडो वर्षे दोन भाषांत मिळून राहिलेल्या माणसाला आपण विचारतो आहोत की, तू नेमका कोणत्या खोलीत राहतोस?

या शब्दाचा दुरुपयोग दोन बाजूंनी होतो, आणि दोन्ही बाजू सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही. पहिली बाजू म्हणते, सीमा नेमकी दाखविता येत नाही, तर मग वेगळेपणही नाही. झाडी ही बिघडलेली मराठी, आणि गोंडी तर काय, बोलीच! हा तर्क खोटा आहे. मळणीच्या वेळी झाडीपट्टीतला कुणीही शेतकरी तो मोडून काढील. पुंजण्यातून एक पेंढी काढली तरी पुंजणे पुंजणेच राहते, आणखी एक काढली तरी राहते. म्हणून काही पुंजणे आणि मोकळे खळे एकच ठरत नाही. मधली रेघ सापडत नाही, एवढ्याने दोन्ही टोके नाहीशी होत नाहीत. दुसरी बाजू उलट टोकाची. ती म्हणते, नाव हवे तर रेघ हवी, आणि रेघेच्या आतले सगळे एकसारखे हवे. मग शुद्ध गोंडी कोणती, 'सोवर' म्हणणाऱ्याची की 'ओवर' म्हणणाऱ्याची, असे भांडण उभे राहते. एकजण उतार नाकारतो, दुसरा त्याच्या पायऱ्या पाडतो.

2014 पासून काही वर्षे वेगवेगळ्या राज्यांतले गोंड एकत्र बसले आणि हंपीच्या कन्नड विद्यापीठाच्या साह्याने त्यांनी समाईक गोंडी कोश तयार केला. तो 2018 साली पुरा झाला. तेलुगू, मराठी, हिंदी, ओडिया अशा शाळांतून वेगवेगळ्या दिशांना ओढले गेल्याने एका राज्याच्या गोंडाला दुसऱ्याचे बोलणे अवघड जाऊ लागले होते. तुटलेला उतार पुन्हा जोडण्याचा तो उद्योग होता. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे आदिलाबादमधील गुंजाळा गावी 2006 साली गोंडीच्या एका लिपीतली हस्तलिखिते उजेडात आली. तरीही गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

मोठ्यांचे वाद मोठ्यांपाशी. पण या सगळ्यात एक सहा वर्षांचे मूल आहे, आणि खरा प्रश्न त्याचा आहे. भामरागडकडचे माडिया मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसते तेव्हा त्याच्यासमोर उतार नसतो, एकदम उंच पायरी असते. घरी माडिया, पाटीवर प्रमाण मराठी. आणि मध्ये काहीही नाही. त्याला हात देण्याऐवजी आपण त्याला मठ्ठ म्हणतो. हेमलकशाला 1973 साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याची भाषा येत नसेल तर औषध देता येत नाही, हे डॉक्टरांना कळले. विद्यार्थ्याची भाषा येत नसेल तर शिकविता येत नाही, हे शिक्षणखात्यांना कळायला अधिक वेळ लागतो. 2019 साली धानोरा तालुक्यात मोहगाव येथे ग्रामसभांनी स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला मान्यतेसाठी झगडावे लागले. मातृभाषेतून शिक्षण हा हक्क आपण मराठीसाठी मागत आलो आहोत. तोच हक्क त्याच शब्दांत दुसऱ्याने मागितला की तो आपल्याला ओळखू येऊ नये, ही गोष्ट खचित भूषणावह नाही.

एक सुखद उदाहरण सांगून थांबतो. दिवाळी झाली, धान घरी आले, की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचे माहेर. रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात, विनोदी पात्रे झाडीबोलीत, आणि प्रेक्षकांना दोन्ही भाषा घरच्या वाटतात. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तेथे मंडपात कुणी रेघ मारीत नाही. एकाच रात्री, एकाच कनातीखाली, उताराची दोन्ही टोके एकमेकांच्या बोलण्यावर हसतात आणि रडतात.

मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाची गोष्ट आहे. पण हा मान पुण्याच्या 'डोळ्या'ला मिळाला तसाच वऱ्हाडच्या 'डोया'ला आणि झाडीच्या 'डोऱ्या'लाही मिळाला, हे ध्यानात असावे. शिखर उंच असते ते त्याच्या उताराच्या आधारावर. आणि त्या उताराच्या शेजारून दुसरा एक उतार गोदावरीकडे गेलेला आहे, त्याच्यावर उभे असलेले लोकही आपलेच शेजारी आहेत. बारा कोसांवर भाषा बदलते हे वाडवडिलांनी सांगितले. अकराव्या कोसावर दोघांनाही दोन्ही भाषा कळतात, हे त्यांनी सांगितले नाही. बहुधा ते त्यांना सांगण्याइतके नवल वाटले नसावे.